उन्हाळ्यात विमानाची बॅटरी जपा

परभणी-नांदेडकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला टेकतो. अशा उन्हात रिमोटच्या विमानाची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी बंद गाडीत ठेवू नका. मी एकदा डिकीत विसरलो. संध्याकाळी बघतो तर पापडासारखी फुगलेली! फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही, पैशासाठी जीव कितीही हळहळला तरी.

उडवून आणलेली बॅटरी हाताला गरम लागली तर आधी सावलीत निवू द्या, मगच चार्जरला लावा. आठवडाभर विमान काढणार नसाल तर फुल चार्ज, म्हणजे बॅटरीतल्या दर सेलमागं ४.२ व्होल्ट, ठेवू नका. चार्जरवर ‘स्टोरेज’ निवडा, सेल ३.८ च्या आसपास राहतो. रानात नेताना थर्माकोलचा डबा बरा. बर्फ मात्र घालू नका, पाणी सुटतं.