शेंग्याला घेऊन बालाघाटावर, साडेनऊच्या आत परत

पंचांगात वसंत चैत्र-वैशाखात येतो. ज्यानं हे ठरवलं तो चैत्रात भर दुपारी सोलापूरच्या सात रस्ता चौकात उभा राहिला नसावा. सोलापूरकराचा वसंत माघ सरताना लागतो आणि रंगपंचमीला आटोपतो. तोही पहाटे पाचपासून सकाळी साडेनऊपर्यंतच. नवरा-बायको आणि घरचं कुत्रं मिळून डोंगर चढायचा असेल तर याच वेळेत बसवावा लागतो. आम्ही तीन वर्षं करतोय. त्यातलं पहिलं वर्ष चुकण्यात गेलं.

आमचं कुत्रं गावठी, अठरा किलोचं, रंग भाजलेल्या शेंगदाण्यासारखा, म्हणून नाव शेंग्या.

‘सोलापुरात डोंगर कुठंय?’ असं सगळे विचारतात. शहर साडेचारशे मीटर उंचीवर आणि चारी बाजूंनी सपाट, हे खरं. पण तुळजापूर रस्त्यानं हिप्परग्याचा तलाव मागे टाकला, तामलवाडी गेली, की समोर बालाघाट डोंगररांगेची कड दिसू लागते. तुळजापूर सहाशे मीटरच्या वर आहे. म्हणजे मधे कुठं तरी चढ आहेच. मुख्य रस्ता सोडून शेताशेतांतून कडेच्या पायथ्याला जायचं. मात्र बांधावरून जाताना शेतात कुणी दिसलं तर आधी विचारायचं. फाल्गुनात ज्वारीची काढणी चालू असते, कणसं पसरलेली असतात, त्यातून कुत्रं धावलं तर शिव्या आपल्यालाच. विचारलं की बहुतेक वेळा, ‘कुठं चाललाव कुत्रं घेऊन?’ एवढं म्हणून, हसून वाट दाखवतात.

नान्नजला मात्र कुत्रं न्यायचं नाही. ते 1979 पासूनचं माळढोक अभयारण्य आहे. तिथं काळवीट आहेत, लांडगे आहेत, आणि कुत्र्यांचे रोग, विशेषतः डिस्टेंपर (विषाणूंचा जीवघेणा रोग) आणि रेबीज, लांडग्यांना लागतात. आपल्याला सहल आणि त्यांचा जीव, असं होऊ नये. बाहेरच्या माळावरही पट्टा सोडायचा नाही. मार्चपासून टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, चार खड्यांसारखी. माणसाला दिसत नाहीत, कुत्र्याच्या नाकाला सापडतात. आम्ही गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीला बांधायचा हार्नेस वापरतो, कारण चढावर ओढलं तर गळा दाबला जात नाही. दोरी दोन मीटरची पुरते. लांबवणारी दोरी वेड्या बाभळीत अडकते, मग सोडवता सोडवता दोघांचे हात रक्तबंबाळ.

आता त्या पहिल्या वर्षाबद्दल. आम्ही साडेसातला चढायला लागलो, कारण आमच्या ह्यांचा चहा झाल्याशिवाय घर हलत नाही. वर पळस फुलला होता, खालून आग लागल्यासारखा दिसत होता, आणि ह्यांना त्याच्याखाली फोटो हवा होता. मी म्हटलं, “अहो, पुरे आता, शेंग्या मागं पडायलाय.” “अगं, एवढं आलोय, दहा मिनिटं राहिलीत.” साडेदहाला शेंग्या एका बोरीच्या काटेरी सावलीत जाऊन बसला आणि उठेना. जीभ लालभडक, रुंद झालेली. लाळ दोरीसारखी चिकट. नाव घेतलं तरी मान वळवेना.

आम्ही काय केलं? पिशवीतला सोलापुरी टॉवेल भिजवला आणि त्याच्यावर पांघरला. अगदी आईनं केल्यासारखं. हे चुकलं, असं संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून उष्णता बाहेर काढतं. ओला टॉवेल अंगावर पडून राहिला की थोड्या वेळात तोच कोमट होतो आणि आतली उष्णता कोंडून ठेवतो. त्यापेक्षा पोट, जांघा, काखा आणि पंजे साध्या पाण्यानं भिजवायचे, परत परत, आणि टोपीनं, पेपरनं, मिळेल त्यानं वारा घालायचा. बर्फाच्या मागं लागायचं नाही. पाणी समोर धरायचं, पण घशात ओतायचं नाही. थोडा थंड झाल्यासारखा वाटला तरी डॉक्टरांकडे न्यायचंच, कारण आतलं नुकसान नंतर दिसतं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38 ते 39 अंशांच्या आसपास असतं, म्हणजे आपल्याला ताप वाटेल तेवढं त्याचं रोजचंच. वरच्या बाजूला त्याला फार मोकळीक नसते.

ह्यांनी त्याला धनगर कोकरू घेतो तसं खांद्यावर घेऊन उतरवलं. पळसाचा फोटो आमच्याकडे आहे, त्यात शेंग्या नाही.

तेव्हापासून नियम एकच: वेळ कुत्रं ठरवणार. पाचला गाडी सुटते, चहा थर्मासात. मार्चच्या मध्यावर सूर्य साडेसहाच्या पुढं उगवतो, तेव्हा आम्ही पायथ्याला उभे असतो. साडेसातला जिथं असू तिथून माघारी वळायचं, वरचा माथा दोन हातांवर असला तरी. या एका नियमावरून आमच्यात जेवढी भांडणं झालीत तेवढी कुत्रं पाळावं की नाही यावरून झाली नव्हती. तोडगा असा की घड्याळ माझ्याकडे आणि वाट निवडण्याचा मान त्यांच्याकडे.

जमिनीची परीक्षा हाताच्या मागच्या बाजूनं. खडकावर किंवा डांबरावर हात उलटा टेकवायचा आणि मनात सात मोजायचे. त्याआधी उचलावा लागला तर तिथं पंजेही ठेवायचे नाहीत. बालाघाटाचा काळा दगड फार लवकर तापतो, मुरूम त्यापेक्षा बरा. म्हणून उतरताना शक्यतो गवताच्या कडेनं यायचं.

पण गवतात कुसळं. आमच्याकडच्या माळावर फाल्गुनात ती वाळून टोकदार झालेली असतात. आपल्या सलवारीला चिकटतात ती उपटता येतात. कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात किंवा कानात गेलेलं कुसळ मात्र पुढंच सरकतं, मागं येत नाही. निघण्याआधी आम्ही पंजाच्या बोटांमधले केस कात्रीनं बारीक करतो. परतल्यावर कुत्रं सारखं डोकं झटकत असेल, मान एका बाजूला धरत असेल, तर कानात काडी घालून शोधायला जाऊ नये. ते डॉक्टरांचं काम.

पाण्याचा हिशोब असा: अठरा किलोच्या कुत्र्याला घरी बसूनही दिवसाला एक लिटरच्या आसपास लागतं. चढायला दोन लिटर एकट्या शेंग्याचे घेतो, आमचे तीन वेगळे. दर वीस मिनिटांनी थोडं थोडं, ॲल्युमिनियमच्या जुन्या ताटलीत. वाटेत डबकं दिसलं तर दोरी आखडती घ्यायची. साचलेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा रोग) होतो.

खाण्याच्या बाबतीत सोलापूरकराला शिकवायला नको. कडक भाकरी ही डोंगरासाठीच जन्मलेली गोष्ट आहे. ना वास लागतो, ना पिचते, ना शिळी होते. सोबत शेंगाचटणी, दही, एक कांदा मुठीनं फोडलेला. दगडावर बसून ह्यांच्याबरोबर एकाच डब्यात खाताना आम्ही घरापेक्षा जास्त बोलतो, हे खरं. मात्र शेंग्याच्या वाट्याला त्याच्या नावाची चटणी येत नाही. तिच्यात लसूण असतो, आणि लसूण-कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. द्राक्षं आणि बेदाणे तर अजिबात नाहीत, ते मूत्रपिंडावर जातात. या दिवसांत आपल्याकडे घरोघरी द्राक्षं असतात म्हणून मुद्दाम सांगते. त्याला निघण्याच्या आधी पोटभर घालायचं नाही. वर दोन उकडलेली अंडी आणि कोरी भाकरी, बाकीचं जेवण घरी येऊन तास-दीड तासानं.

मेंढरांचा कळप दिसला की थांबायचं. कळपाची राखण करणारी कुत्री आपल्या कुत्र्याला लांडगाच समजतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. लांबूनच हाक मारायची, “मामा, कुत्री धरा जरा!” आणि मोठा वळसा घालायचा. पळायचं नाही, आपलं कुत्रं उचलून छातीशी धरायचं नाही, ती मग आपल्यावर उड्या घेतात. रेबीजची लस वेळेवर झालेली असावी, हे वेगळं सांगत नाही.

दगडांच्या ढिगात आणि बोरीच्या बुडाशी नाक घालू द्यायचं नाही. घोणस, फुरसं दोन्ही आपल्या भागात आहेत. चावलंच तर कुत्र्याला चालवायचं नाही, बांधाबांध, चिरणं काही करायचं नाही, उचलून थेट गाडीत.

घरी आलं की शेंग्या शहाबादी फरशीवर चार पाय पसरून पोट टेकवतो. त्याला तसंच अर्धा तास पडू द्यावं, मग दोघांनी दोन बाजूंनी बसून तपासावं: कानांच्या आत, बोटांच्या मधे, शेपटीच्या बुडाशी, काखेत. उन्हाळ्याच्या तोंडावर गोचिडी वाढतात आणि त्यांच्यापासूनचा ताप वाईट. गोचीड दिसली की चिमट्यानं कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढायची. रॉकेल, चुना, पेटती काडी, हे सासूबाईंचे तिन्ही उपाय मी नम्रपणे नाकारलेत. निघालेली गोचीड नखानं फोडायची नाही, साबणाच्या पाण्यात टाकायची. ह्यांना गोचिडीची किळस येते, त्यामुळे चिमटा माझ्याकडे आणि साबणाच्या पाण्याची वाटी त्यांच्याकडे असते. मान दुसरीकडे वळवून का होईना, ती ते हलू देत नाहीत.