गिऱ्हाईकाने वाकडातिकडा जोडून आणलेला गोधडीचा टॉप मशीनवर कसा शिवायचा

हल्ली साड्यांच्या गोधडीचं काम घेणाऱ्यांना हे नेहमीचं झालंय. ताई येतात, पिशवीतून चौकोन जोडलेला टॉप, म्हणजे गोधडीचा वरचा थर, काढतात आणि म्हणतात "सगळं जोडून झालंय हो, फक्त वरून मशीन मारायची राहिलीय". आणि तो टॉप जमिनीवर पसरला की मधे फुगा, कडेला लाटा, एका कोपऱ्यात चौकोन दुसऱ्या चौकोनाला भेटतच नाही. वरून मशीन मारली की सगळं दबून सपाट होईल असं त्यांना वाटत असतं. होत नाही. मशीन उलट जास्तीचं कापड पुढे पुढे ढकलत नेते आणि शेवटच्या कोपऱ्यात त्याची चुणी करून ठेवते, म्हणून जास्तीचं कापड जिथे आहे तिथेच संपवायचं, पुढे जाऊ द्यायचं नाही, पुढचं सगळं त्याच्यासाठीच आहे.

आधी टॉप जमिनीवर पसरा, टेबलावर नको, टेबलाच्या कडेवरून लोंबणारं कापड मापाला फसवतं. हाताने ओढून सपाट करू नका, नुसतं थोपटा. आता टेपने तीन ठिकाणी रुंदी मोजा, वर, बरोबर मधे आणि खाली, मग तसंच लांबीचं. गेल्या महिन्यात आलेल्या टॉपचं सांगते, त्या ताईंच्या आईच्या साड्यांचे तीस चौकोन, पाच आडवे सहा उभे, भोवती इरकलीच्या काठाची पट्टी. पट्टी सोडून नुसत्या चौकोनांची रुंदी मधे 57 इंच, वर 58, खाली 59. मधलं माप खरं धरायचं, कडांचं नाही, कारण कडा हाताळून हाताळून ताणलेल्या असतात.

मग टॉप उलटा करा, कारण खरी हकीकत उलट्या बाजूला असते. दाब, म्हणजे टिपेच्या बाहेर सोडलेलं कापड, किती आहे बघा. पाव इंच असेल तर ठीक, पण बऱ्याचदा एकीकडे अर्धा इंच आणि दुसरीकडे दोन धागे एवढाच असतो, तिथे बोटाने हलकं ओढलं की टीप हसायला लागते, म्हणजे फट पडून टाके दिसतात. असे जोड खडूने खुणा करून ठेवा. कुठला तुकडा उरेब, म्हणजे धाग्याला तिरका, कापलाय तेही बघा, उरेब तुकडा दोन बोटांत धरून ओढला की रबरासारखा लांबतो, सरळ धाग्याचा तेवढा लांबत नाही. साड्यांच्या टॉपमधे अजून एक भानगड म्हणजे कापडांची सरमिसळ, सुती, जॉर्जेट, खण, सिल्क सगळं शेजारीशेजारी, त्यात सुती जागेवर राहतं आणि जॉर्जेट सटकतं, म्हणून फुगा बहुतेक वेळा जॉर्जेटच्या चौकोनातच सापडेल.

लाल, मरून, गडद निळा असे रंग असतील तर पांढरा रुमाल ओला करून त्यावर चोळून बघा. रंग उतरला तर आत्ताच ताईंना सांगा. टॉप धुवून बघायच्या फंदात पडू नका, मागच्या उघड्या कडांचे धागे सुटतात आणि आहे तो दाबही जातो. अस्तर आणि आतलं कापड मात्र आधी धुवून घ्या.

आता ताईंना फोन करायचा, आणि हे काम सुरू करायच्या आधी, नंतर नाही. मी टॉपचे फोटो काढते, माप लिहून पाठवते आणि तीन पर्याय देते: आहे तसं शिवू पण चुण्या येतील, थोडं उसवून सारखं करू त्याचे तासाचे पैसे वेगळे, किंवा तुम्ही नेऊन नीट करून आणा. "तुमचं चुकलंय" असं म्हणायचं नाही. आईच्या साड्या कापताना त्या बाईचा हात थरथरला असेल, सरळ कसं कापलं जाणार. मी म्हणते "कापड ताणलंय", आणि ते खरंही असतं. बहुतेक जणी दुसरा पर्याय घेतात.

दुरुस्ती कडेच्या पट्टीपासून सुरू करा. लाटा आल्या असतील तर पट्टी काढायचीच, तिला इस्त्री करून काही होत नाही. लाटा का येतात, तर लोक लांबच लांब पट्टी घेतात, ती खाली ठेवून एका टोकापासून शिवत जातात आणि उरलेली शेवटी कापतात. मशीनचे दाते खालचं कापड पटपट ओढतात, वरचं पाऊल वरच्या कापडाला थोडं मागे धरतं, हाताने आपणही थोडं ओढतो, आणि टोकाला पोचेपर्यंत पट्टी दीड-दोन इंच जास्त लागलेली असते. म्हणून पट्टी उसवा, मधल्या मापाएवढी कापा (माझ्या त्या टॉपला 57 आणि वर दोन्हीकडचा दाब), तिची घडी घालून निम्म्यावर आणि पावावर खुणा करा, तशाच खुणा टॉपच्या कडेवर करा, आणि खुणेला खूण लावून टाचण्या मारा. मधे टॉपचं कापड सैल दिसेल, दिसू दे. शिवताना सैल बाजू खाली, दात्यांकडे ठेवायची, पट्टी वर. मग जे दाते आधी त्रास देत होते तेच सैल कापड हळूहळू आत खपवतात. माझ्या शिवणाच्या बाई हे सांगायच्या तेव्हा मला कळलं नव्हतं, करून बघितल्यावर कळलं.

किती खपतं याचा माझा अंदाज एका चौकोनामागे पाव इंच. वरच्या कडेला एक इंच जास्त होतं ते पाच चौकोनांत आरामात गेलं. खाली दोन इंच होतं, ते नुसतं खपवलं असतं तर झालर झाली असती, म्हणून खालच्या ओळीतले दोन उभे जोड उसवून प्रत्येकी, दोन्ही बाजूंचं मिळून, अर्धा इंच आत घेतले, वरच्या टोकाला शून्यावर येत येत निमुळते, आणि उरलेला एक इंच पट्टीत खपवला. हसणाऱ्या टिपांच्या मागून पेस्टिंगच्या, म्हणजे इस्त्रीने चिकटणाऱ्या कापडाच्या, इंचभर रुंद पट्ट्या चिकटवल्या आणि पुन्हा टीप मारली. जॉर्जेटवर पेस्टिंग लावताना इस्त्री कमी गरम आणि मधे सुती कापड, नाहीतर साडी चक्क विरघळते.

यानंतर इस्त्री. इस्त्री उचलून ठेवायची, उचलून ठेवायची, कपड्यांसारखी घासायची नाही, घासली की उरेब तुकडे परत लांबतात. सुती चौकोन फुगत असेल तर पाण्याचा फवारा मारून वाफ द्या, थोडं आटतं. वर पातळ खळ मारली की सगळा टॉप कागदासारखा शहाण्यासारखा वागतो. फक्त खळ राहिली तर कसर लागते, म्हणून शिवून झाल्यावर धुवायला सांगायचं.

आत काय घालायचं हे अशा टॉपला फार महत्त्वाचं. ताईंना आत बाबांची जुनी धोतरंच हवी होती, पण धोतर सपाट, ते वरचं जास्तीचं कापड उचलून धरत नाही. थोडी फुगीर पॉलिस्टरची वॅडिंग, म्हणजे कापसासारखा तयार थर, असली की सैल कापड तिच्यावर उशीसारखं बसतं आणि फुगा म्हणून डोळ्यात येत नाही. शेवटी एक धोतर आणि वर पातळ वॅडिंग असा मध्यम मार्ग काढला. अस्तर चारही बाजूंनी तीन-चार इंच मोठं ठेवा आणि शक्यतो बारीक फुलांच्या छापाचं घ्या, साध्या रंगावर प्रत्येक वाकडी टीप दिसते.

अस्तर उलटं करून फरशीवर चिकटपट्टीने ताठ लावा, ताणू नका. त्यावर आतलं, त्यावर टॉप. इथे हात शिवशिवतात, टॉप ओढून चौकोनी करावासा वाटतो, करू नका, पिना काढल्या की तो परत मूळ जागी जातो आणि सोबत चुण्या घेऊन जातो. मधून सुरुवात करून बाहेर जात मुठीएवढ्या अंतराने सेफ्टी पिना लावा. पाच बाय सहा फुटांच्या गोधडीला तीनशेच्या आसपास लागतात, गुडघ्यांखाली उशी घ्या.

जुन्या वाकळीला ही पंचाईत नव्हती, कारण आज्ज्या टॉप असा वेगळा शिवतच नव्हत्या. थर अंथरायचे, त्यावरच ठिगळ ठेवायचं आणि धावदोऱ्याने सगळं एकदम शिवायचं, मग फुगणार काय. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात ती तर कडेपासून सुरू करून गोल गोल मधे येतात, तुकडे तिथल्या तिथे दुमडून बसवतात. आपण चौकोन आधी जोडायची पद्धत घेतली आणि तिच्यासोबत हे दुखणं पण घेतलं.

आता मशीन. सुई नवी घाला, सुती भागाला 14 नंबर, जरीचे काठ आणि जाड जोड असतील तर 16. टाका अडीच ते तीन मिलीमीटर. दोरा कापडात मिसळणारा, करडा किंवा मळकट बदामी बऱ्याच रंगांवर लपतो, पांढरा लावलात तर गिऱ्हाईकाची चूक तुम्हीच अधोरेखित केली. चार जोड एकत्र येतात तिथे ढेकूळ असतं, खाली पाटा ठेवून वर कापड घालून लाकडी हातोडीने दोन ठोके द्या आणि तिथून चाक हाताने फिरवत जा. नाहीतर सुई तुटून तुकडा डोळ्याकडे उडतो, माझा चष्मा होता म्हणून बरं.

डिझाइनचं म्हणाल तर जोडाच्या खाचेतून टीप मारायला जाऊ नका, ताईंनी कितीही सांगितलं तरी. जोड वाकडा असेल तर टीप कधी खाचेत कधी बाहेर, अजून वाईट दिसतं. सरळ समांतर रेघा पण नकोत, सरळ रेघेशेजारी वाकडा जोड लगेच कळतो. नागमोडी रेघ मारायची, जोडाच्या इकडून तिकडे जाणारी, मग जोड नक्की कुठे होता ते डोळ्याला सापडत नाही.

आधी वॉकिंग फूट, म्हणजे वरचं कापडही खालच्याबरोबर सरकवणारं पाऊल, लावून मधल्या जोडांवरून अशा लांब नागमोडी रेघा मारा, आडव्या आणि उभ्या, म्हणजे गोधडीचे मोठे मोठे कप्पे पडतात आणि प्रत्येक कप्प्याचं सैल कापड त्याच कप्प्यात अडकतं. ही पायरी सोडू नका, एका कडेपासून भराभर शिवत गेलात तर सगळ्या तीस चौकोनांची सैलाई एकत्र होऊन तुमच्यावर येते. मग दाते खाली करून, फ्री मोशनचं, म्हणजे कापड हाताने हवं तिकडे फिरवू देणारं, पाऊल लावून एकेक कप्पा वळणावळणाने भरा. घरच्या मशीनच्या हाताखाली सहा-सात इंचांचीच जागा असते, गोधडीच्या दोन्ही बाजू गुंडाळून घ्या आणि बाकीचं वजन टेबलावर किंवा खुर्चीवर टेका, लोंबलं की टाका लहान होतो.

फुगीर कप्प्यात आधी कडेने फिरा, मग आत या. पावलाच्या पुढे कापडाची लाट जमताना दिसली की थांबा, सुई खाली रुतवूनच थांबा, दाभणाच्या टोकाने ती लाट दाबत दाबत सुईखाली थोडी थोडी सरकवा, बोट घालू नका. फुगा जास्त तर वळणं दाट, पण मग सगळ्या गोधडीभर साधारण तेवढीच दाट ठेवावी लागतात, कारण दाट शिवलेला भाग आखडतो आणि विरळ भाग शेजारी फुगून बसतो. तिसऱ्या ओळीतलं जांभळं जॉर्जेट काही केल्या ऐकेना, तिथे मी सरळ एक बारीक चुणी मोडली, जोडाशेजारी दाबली आणि हाताने आंधळ्या, म्हणजे वरून न दिसणाऱ्या, टाक्याने शिवली, आणि देताना ताईंना दाखवली.

शेवटी कडा कापताना टॉपच्या कडेवर विसंबू नका, गुण्या लावून कोपरे काटकोनात आखा. पट्टी एकीकडे पाव इंच अरुंद होईल, चालतं. कोपरा ते कोपरा तिरकं दोन्हीकडून मोजा, अर्ध्या इंचाचा फरक सोडून द्या. कडेला लावायची गोट सरळ धाग्यावर कापा, उरेब नको, या गोधडीत उरेब आधीच खूप झालंय.

देताना चिठ्ठी लावते, पहिली धुणी गार पाण्यात, एकटी, वाळत घालताना दोन दोऱ्यांवर आडवी आणि सावलीत. कापलेले तुकडे आणि उसवलेला इरकलीचा काठ पिशवीत घालून परत द्या, साडीचा चार इंचांचा तुकडा पण लोक मागतात.