लेपर्ड गेकोचं पोट बिघडलंय? या चुका टाळा

लेपर्ड गेको म्हणजे घरी पाळली जाणारी ठिपकेदार पाल. गेको खाईनासा झाला की औषधाआधी थर्मामीटर काढा. त्याचं पचन बाहेरच्या उष्णतेवर चालतं. तो पोट टेकून बसतो ती जागा 31 ते 33 अंश सेल्सिअस हवी, थंड टोकाला 24 ते 26. काचेवर चिकटवायचे गोल थर्मामीटर हवेचं तापमान सांगतात, तेही ढोबळ. प्रोबवाला (वायरच्या टोकाला सेन्सर असलेला) डिजिटल थर्मामीटर घ्या आणि प्रोब जमिनीला टेकवा. हीट मॅटला (टाकीखालच्या तापणाऱ्या चटईला) तापमान आवरणारा थर्मोस्टॅट लावायलाच हवा, नाहीतर पोटाची कातडी भाजते. पुण्या-नाशिकच्या थंडीत सकाळी टाकीचं तापमान एकदा मोजून पाहा, बऱ्याच ‘आजारां’चं मूळ तिथेच सापडतं. गारठलेल्या पोटात किडा पचत नाही, कुजतो आणि उलटून पडतो.

उलटी झाल्यावर लगेच पुन्हा भरवणं ही पुढची चूक. पाच-सहा दिवस फक्त पाणी आणि योग्य ऊब द्या. मग एखादा लहान किडा द्या, लांबीला गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढा किंवा त्याहून कमी. पुन्हा उलटलं तर व्हेट (पशुवैद्य) गाठा. उपाशी आणि कोरड्या पडलेल्या गेकोच्या तोंडात जबरदस्तीने कालवलेलं अन्न कोंबू नका. आधी ऊब आणि पाणी, अन्न नंतर.

उलट, जाड शेपटीचा (चरबी शेपटीतच साठते) प्रौढ नर विणीच्या काळात किंवा कात टाकण्याआधी आठ-दहा दिवस जेवला नाही तर घाबरायचं कारण नाही. पिल्लाच्या बाबतीत मात्र इतका धीर धरू नका. अंदाजापेक्षा 1 ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा भरवशाचा. दर आठवड्याला वजन लिहून ठेवा. 60 ग्रॅमचा गेको 54 वर आला म्हणजे दहा टक्के गेले. आता वाट पाहत बसायचं नाही.

शी होत नाही म्हणून तेल

हे सगळ्यात धोकादायक. तोंडात टाकलेलं खनिज तेल श्वासनलिकेत उतरू शकतं. पोट दाबून ‘मोकळं’ करणंही तितकंच वाईट. पोट फुगलंय, जोर करतोय पण काही येत नाही, कातडीखाली गडद डाग दिसतोय, अशी लक्षणं असतील तर 30 ते 32 अंशांच्या पाण्यात 15-20 मिनिटं बसवा. पाणी पोटापर्यंतच, हनुवटी वर राहील एवढं. दिवसातून एकदाच, तेही नजरेसमोर. दोन दिवसांत शी झाली नाही तर एक्स-रे काढून घ्या. मागचे पाय लुळे वाटत असतील तर दोन दिवसही थांबू नका.

वाळू, विशेषतः ‘कॅल्शियम सँड’, काढून टाका आणि उपचार चालू असेपर्यंत टिश्यू पेपर अंथरा. त्यावर शीही नीट दिसते: तपकिरी भाग घट्ट, सोबत पांढरा युरेट, म्हणजे घट्ट झालेली लघवी. पण दोष एकट्या वाळूचा नसतो. कॅल्शियम कमी पडलं की आतड्याचे स्नायू नीट हलत नाहीत, आणि पाणी कमी पडलं की शी आतच वाळते.

खातो, तरी शेपटी पेन्सिलीसारखी

इथे जंताचं औषध अंदाजाने देऊ नका. फेनबेंडाझोल हे औषध पिनवर्म या आतड्यातल्या जंतावर चालतं, क्रिप्टोस्पोरिडियम (क्रिप्टो) या एकपेशीय परजीवीवर नाही. क्रिप्टो लहान आतड्यावर बसतो. त्यात वजन घटतं, शी पातळ आणि घाणेरड्या वासाची होते, कधी उलटीही होते. निदानासाठी शीची पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी) तपासणी लागते. जंतू रोज बाहेर पडत नाहीत, त्यामुळे एक रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून निर्धास्त होऊ नका. काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा नमुने द्या. नमुना ताजा हवा, बंद डबीत, शक्यतो त्याच दिवशी. फ्रीझरमध्ये कधीच नाही. पॅरोमोमायसिन या औषधाने जंतूंची संख्या दबते, पण बहुतेक वेळा गेको पूर्ण मोकळा होत नाही, हे व्हेटशी आधीच बोलून घ्या.

नेहमीच्या ब्लीचने क्रिप्टोच्या शीतून पसरणाऱ्या कवचबंद पुटी (ऊसिस्ट) मरत नाहीत. भांडी उकळत्या पाण्यातून काढा, टाकीवर वाफ मारा. सच्छिद्र लाकूड टाकूनच द्या. अमोनिया वापरलात तर त्यात ब्लीच मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

नवा गेको 90 दिवस वेगळ्या टाकीत ठेवा, चिमटा आणि पाण्याचं भांडं त्याचंच. खाऊ घालताना निरोगी गेकोपासून सुरुवात करा, आजारी शेवटी. आजारी गेकोने सोडलेला जिवंत रातकिडा दुसऱ्या टाकीत टाकणं ही काटकसर अंगाशी येते, कारण त्या किड्याने दूषित शी खाल्लेली असू शकते.