घरच्या सिमसाठी योक, स्टिक, पेडल घेताय? आधी या चुका टाळा

घरी सिम, म्हणजे कॉम्प्युटरवरचं विमान, उडवायला लागून आता बरीच वर्षं झाली, आधी एक्स-प्लेन, मग ऑगस्ट 2020 मध्ये मायक्रोसॉफ्टचा नवीन फ्लाइट सिम्युलेटर आला तेव्हापासून जास्त करून तोच. आणि तेव्हापासूनच ओळखीतल्या लोकांचे, त्यांच्या मुलांचे, ऑफिसातल्या पोरांचे फोन येतायत. प्रश्न ठरलेला: "कुठला सेट घेऊ?" मी विचारतो, विमान कुठलं उडवणार? यावर दहातले आठ जण म्हणतात, "सगळीच." मग मला कळतं की हा माणूस सहा महिन्यांत सामान विकायला काढणार. प्रत्येक वेळी तेच तेच सांगून कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

विमान न ठरवता सामान घेणं

ही सगळ्यात महाग चूक, आणि ही मी घरातच बघितली. माझ्या मामेभावाच्या मुलाला पायलट व्हायचंय, सीपीएलसाठी (व्यावसायिक पायलटचा परवाना) बारामतीला जायचं ठरलं होतं. वडिलांनी हौसेने त्याला एअरबसची साइडस्टिक (बाजूला बसवायची छोटी दांडी) आणि तिच्या जोडीचा थ्रॉटल क्वाड्रंट (इंजिनाची पॉवर कमीजास्त करायच्या लिव्हरचा डबा) घेऊन दिला. कारण काय तर पोराला पुढे इंडिगोत जायचंय आणि इंडिगोकडे बहुतेक सगळी एअरबस. ऐकायला बरोबर वाटतं. पण एअरबसपर्यंत पोचायच्या आधी तो ज्या शाळेत जाणार होता तिथे होतं सेसना 172, हे छोटं विमान. त्यात शिकाऊ पायलट डाव्या सीटवर बसतो, डावा हात योकवर (गाडीच्या स्टिअरिंगसारखं, पुढे-मागेही होणारं हँडल) आणि उजवा हात थ्रॉटलच्या नॉबवर, जो आत ढकलला की पॉवर वाढते. आणि हा घरी चार महिने काय करत होता, तर उजव्या हातात स्टिक आणि डाव्या हातात थ्रॉटल.

एका रविवारी तो माझ्याकडे आला, म्हणाला काका तुमच्या योकवर 172 उडवून बघतो. पुण्याच्या लोहगावचा अप्रोच, म्हणजे उतरायचा टप्पा, लावून दिला. सुरुवातीला छान चाललं होतं. जमिनीपासून साधारण तीनशे फुटांवर विमान जरा खाली राहिलं, म्हणजे आता थोडी पॉवर द्यायची वेळ, आणि त्याने पॉवर द्यायला डावा हात पुढे ढकलला. डाव्या हातात योक होता. नाक खाली गेलं, विमान रनवेच्या अलीकडे शेतात. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी आधीच सांगून ठेवलं होतं तरी हात तसाच पुढे गेला, कारण घाईच्या क्षणी माणूस विचार करत नाही, हात करतो, आणि त्याच्या हाताला चार महिने उलटं शिकवलेलं होतं. त्या दिवशी त्याचा चेहरा पडला ते मला अजून आठवतं. पोराची काही चूक नव्हती, सामान निवडतानाच चुकलं होतं.

म्हणून माझा हिशोब सोपा आहे. खरं वाटणं म्हणजे बटणं किती आहेत किंवा बॉक्सवर कुठल्या कंपनीचा लोगो आहे ते नाही, तर खऱ्या विमानात ज्या हाताने जी हालचाल होते तीच घरी व्हायला पाहिजे. सेसना 172, बोइंग 737, एटीआर उडवायचं असेल तर योक. एअरबस ए320 उडवायचं असेल तर साइडस्टिक. डायमंड डीए40 मध्ये दोन पायांच्या मधे स्टिक असते, हवाई दलाच्या पिलॅटस ट्रेनरमध्येही तशीच, तेव्हा तिथे स्टिक टेबलाच्या कडेला नको, समोर मधोमध ठेवा. आणि ए320 मध्ये कॅप्टन डाव्या सीटवर असतो, त्याची स्टिक डाव्या हातात. फर्स्ट ऑफिसर उजव्या सीटवर, त्याची उजव्या हातात. म्हणजे घरी उजव्या हातात स्टिक आणि डाव्या हातात थ्रॉटल घेऊन बसलात तर तुम्ही फर्स्ट ऑफिसरच्या जागी बसलाय. त्यात काही वाईट नाही, एअरलाइनमध्ये सुरुवात तिथूनच होते, फक्त मग सिममध्ये कॅमेरापण उजव्या सीटवर लावा, डाव्या सीटमधून बघत उजव्या हाताने उडवू नका.

अजून एक गोष्ट, जी दुकानदार सांगत नाही. एअरबसची खरी साइडस्टिकसुद्धा स्प्रिंगवरच चालते. सोडली की मधे येते, विमान आहे त्या स्थितीत राहतं, ट्रिम, म्हणजे हाताने जोर न लावता विमान तसंच राहावं म्हणून करायची जुळणी, कॉम्प्युटर आपोआप करतो. त्यामुळे स्वस्तातली, स्प्रिंगची साधी जॉयस्टिक एअरबससाठी खऱ्याच्या बऱ्यापैकी जवळ जाते. थ्रस्टमास्टरची टी.16000एम घ्या, मॅग्नेटवाले हॉल सेन्सर आहेत, डाव्या हातालाही चालते, एवढ्यावर ए320 चं बरंच काम भागतं. सेसनाचं तसं नाही. तिथे योकवर जो जोर लागतो तो हवेचा असतो, ट्रिम केलं की तो जोर नाहीसा होतो आणि योक त्या नव्या जागी स्वतःहून थांबतो. घरचा स्प्रिंगचा योक मात्र कायम मधेच यायला बघतो. मग नवीन लोक योक ओढून धरतात, मनगट दुखतं, आणि म्हणतात योक खराब आहे. मी असं करतो: योकने नाक हवं तिथे आणायचं, मग ट्रिम थोडं थोडं फिरवायचं आणि जसजसं फिरेल तसतसा हात ढिला सोडत योक मधे येऊ द्यायचा. दोन दिवसांत जमतं. त्यासाठी ट्रिमचं चाक असेल तर उत्तम, नसेल तर योकवरची दोन बटणं, पण बटण दाबून धरू नका, टिचक्या मारल्यासारखं दाबा.

पेडल नंतर घेऊ, असं म्हणणं

लोक योक घेतात, थ्रॉटल घेतात, त्यावर ऑटोपायलटचं पॅनेल घेतात आणि पायाने रडर (शेपटीवरचं उभं, नाक डावी-उजवीकडे वळवणारं पान) फिरवायचे पेडल म्हणतात पुढच्या दिवाळीला. मला हे अजिबात पटत नाही. 172 ला फुल पॉवर दिली की नाक डावीकडे जायला बघतं, उजवा पाय दाबल्याशिवाय ते रनवेच्या मधल्या रेषेवर राहत नाही. तो उजवा पाय शिकायचाच नाही आणि सेटिंगमध्ये ऑटो-रडर चालू ठेवून उडवायचं, मग एवढा महागडा योक कशाला घेतला? पैसे कमी असतील तर योक साधा घ्या, पेडल घ्याच.

पण पेडल घेतल्यावरची चूक त्याहून त्रासदायक आहे आणि ती माझ्याकडून झाली. नवीन पेडल आणले, घरात गुळगुळीत लादी, ऑफिसची चाकांची खुर्ची. मुंबईला पावसाळ्यातला वारा लावून रनवे 27 वर उतरायची प्रॅक्टिस करत होतो, वारा डावीकडून येणारा. आणि दर वेळी रनवेच्या अगदी वर आलो की विमान एकदम नाक वर करून फुगायचं, मग स्पीड संपून धाडकन खाली. दोन आठवडे मी सेन्सिटिव्हिटीचे कर्व्ह बदलत होतो, डेडझोन (मधली जागा, जिथे थोडी हालचाल झाली तरी सिम दुर्लक्ष करतं) बदलत होतो, योक उघडून स्प्रिंगसुद्धा बघितली. शेवटी एकदा आई चहा घेऊन दारात उभी होती, तिने बघितलं आणि म्हणाली, "अरे, तू पाय दाबलास की खुर्ची मागे जातेय." झालं काय होतं, की वाऱ्यामुळे डावीकडे वळवून ठेवलेलं नाक रनवेच्या रेषेत आणायला मी उजवा पेडल जोरात दाबायचो, त्याने खुर्ची चार बोटं मागे सरकायची, आणि हातात घट्ट धरलेला योकपण माझ्याबरोबर मागे ओढला जायचा. योक मागे म्हणजे नाक वर. दोन आठवडे मी बिघाड सॉफ्टवेअरमध्ये शोधत होतो आणि तो खुर्चीच्या चाकात होता.

उपाय स्वस्त आहे. सुताराकडून जाड प्लायवूडची एक फळी कापून घ्या, साधारण हातभर रुंद, आणि लांबी इतकी की पेडलपासून खुर्चीच्या पुढच्या पायांपर्यंत पोचेल. एका टोकाला पेडल स्क्रूने पक्के करा, दुसऱ्या टोकावर खुर्चीचे पुढचे पाय येऊ द्या, मागच्या पायांखाली तेवढ्याच जाडीचे तुकडे ठेवा म्हणजे खुर्ची कलणार नाही. आता तुमचंच वजन पेडल धरून ठेवतं. खुर्ची मात्र चार पायांची, जेवणाच्या टेबलाची असते तशी, चाकाची नकोच. कोणी सांगतं चाकाखाली वाट्या ठेवा, कोणी दोरी बांधतं, मी हे दोन्ही करून बघितलंय, चार लँडिंगनंतर सरकतंच. योकचंही तसंच, क्लॅम्प लावायला पक्कं, जड टेबल पाहिजे. लॅपटॉपच्या फोल्डिंग टेबलावर चांगला योक लावलेला बघितला की मला वाईट वाटतं.

एकाच कामाला दोन लिव्हर

हे फोन सगळ्यात जास्त येतात. "थ्रॉटल बंद केला तरी पॉवर कमी होत नाही", "फायनलवर (उतरायच्या आधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यात) इंजिन आपोआप वर-खाली होतं". नवा थ्रॉटल खराब आहे म्हणून परत पाठवायची तयारी झालेली असते. बहुतेक वेळा थ्रॉटल ठणठणीत असतो. सिम काय करतं, की जे जे उपकरण लावाल त्याला स्वतःच्या मनाने सगळी कामं वाटून टाकतं. म्हणजे तुमचा नवा क्वाड्रंट थ्रॉटल झाला, आणि जॉयस्टिकच्या बुडाशी जो छोटा स्लायडर आहे तोही थ्रॉटलच राहिला, आणि दोघं एकमेकांशी भांडतायत. स्लायडर जरासा थरथरला तरी पॉवर बदलते. तपासायला सोपं: जॉयस्टिकची वायर काढा आणि पुन्हा उडवून बघा. मी तर कुठलंही नवीन सामान लावलं की पहिल्यांदा त्याचं रिकामं प्रोफाइल बनवतो आणि एकेक ॲक्सिस (लिव्हर, पेडल, स्टिक यांची एकेक हालचाल) हाताने लावतो, अर्धा तास जातो. लोकांना तेवढा अर्धा तास नको असतो, त्यांना बॉक्स फोडल्या फोडल्या टेकऑफ करायचा असतो.

याचाच भाऊ म्हणजे टो-ब्रेक (पेडलच्या वरच्या भागावर पाय दाबून लागणारे चाकांचे ब्रेक) उलटे असणं. फुल पॉवर देऊनही विमान हलत नाही, पार्किंग ब्रेक काढलेला आहे, मग ब्रेकच्या ॲक्सिसला रिव्हर्स करा. पाय काढले की सिमला वाटतं ब्रेक पूर्ण दाबलेत.

ए320 वाल्यांनी थ्रॉटलचं कॅलिब्रेशन विमानाच्या आत जाऊन करायलाच पाहिजे. फ्लायबायवायर गटाच्या फुकटच्या ए32एनएक्समध्ये (सिममध्ये वेगळं टाकायचं ए320) कॉकपिटमधल्या टॅबलेटवर त्यासाठी वेगळं पान आहे. आयडल (किमान पॉवर), सीएल (चढाईची), फ्लेक्स (थोडी कमी केलेली टेकऑफची), टोगा (पूर्ण पॉवर), प्रत्येक खाचेत लिव्हर ठेवून ती जागा नोंदवायची. नाही केलं तर लिव्हर हाताला सीएलच्या खाचेत बसलेला लागतो पण विमानाला तो केसभर खाली दिसतो, आणि समोरच्या स्क्रीनवर एलव्हीआर सीएलबी (लिव्हर सीएलच्या खाचेत आणा ही सूचना) लुकलुकत राहतं. लोक ते तसंच लुकलुकत ठेवून दिल्लीपर्यंत जातात, हे मला सहन होत नाही. आणि एअरबसमध्ये ऑटोथ्रस्ट (पॉवर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) चालू असताना लिव्हर हलत नाहीत, खऱ्या विमानातही नाही, तेव्हा मोटर नाही म्हणून तुमचा क्वाड्रंट कमी प्रतीचा होत नाही. 737 मध्ये लिव्हर स्वतः हलतात, ते घरी हवं असेल तर खिसा बराच मोठा लागतो.

सेकंडहँड आणि थरथरणारे सेन्सर

जुनं सामान घ्यायला माझी हरकत नाही, मी स्वतः घेतलंय. पण आत पोटेन्शिओमीटर आहे की हॉल सेन्सर ते आधी विचारा. पोटेन्शिओमीटरमध्ये कार्बनच्या पट्टीवर एक छोटा पत्रा घासत फिरतो, पट्टी झिजते, धूळ बसते, आणि मग स्टिक सरळ धरली तरी विमान झटके देतं. आपल्याकडे पावसाळ्यात, त्यातून कोकणात, सामान चार महिने पडून राहिलं की हे हमखास होतं. हॉल सेन्सरमध्ये फक्त मॅग्नेट जवळ-लांब होतो, काहीच घासत नाही. विकणाऱ्याकडे व्हिडिओ मागा: विंडोजच्या रन खिडकीत जॉय डॉट सीपीएल लिहून प्रॉपर्टीज उघडायला सांगा आणि स्टिक अगदी हळू या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायला लावा. स्क्रीनवरचं अधिकचं चिन्ह सरळ सरकलं पाहिजे, मधे उडी मारली तर सोडून द्या. जोरजोरात हलवून दाखवलेला व्हिडिओ काही उपयोगाचा नाही.

आणि त्यावर साधं डब्ल्यूडी-40 मारू नका. दोन दिवस बरं वाटतं, मग त्या तेलकटपणावर अजून धूळ बसते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळा मिळतो, तो आणा.

बाकीच्या पटकन सांगतो. ट्विस्टवाली (पिळून रडर देणारी) स्टिक असेल आणि आता पेडल आणले असतील तर ट्विस्ट बंद करा, नाहीतर वळताना मनगट फिरतं आणि रडरपण लागतो. डेडझोन मोठा करून थरथर लपवू नका, मधे हात मेल्यासारखा होतो आणि लँडिंगला तीच जागा लागते. सगळं एकाच स्वस्त यूएसबी हबला लावू नका, वेगळा अ‍ॅडॉप्टर असलेला हब घ्या. उडता उडता योक मधेच गायब होत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवायला उपकरण बंद करू देणारी टिक काढा. रेडिओ पॅनेल, स्विच पॅनेल, हे सगळ्यात शेवटी. आणि घरचे तास डीजीसीएच्या (देशाचा विमान वाहतूक नियामक) लॉगबुकात धरले जात नाहीत, तेव्हा "खऱ्यासारखं" म्हणून कोणी दुप्पट पैसे सांगत असेल तर विचारा, कुठल्या विमानासारखं?

मामेभावाच्या मुलाने साइडस्टिक विकली नाही, मीच नको म्हटलं, पुढे लागेल. एक जुना योक शोधून दिला, थ्रॉटल उजव्या हाताला आणला, सुताराकडून फळी करून घेतली. बारामतीला जायच्या आधी त्याने दोन महिने फक्त टेकऑफ, सर्किट (विमानतळाभोवतीची चक्कर), लँडिंग केलं. परवा फोन आला होता, विचारत होता काका आता पुढे काय घेऊ, म्हटलं काही नको, उजवा पाय कसा चाललाय ते सांग.