हरणासाठी रायफल घेताना: कुठली ॲक्शन तुमच्या हातात बसते?

रायफल घ्यायची म्हटलं की नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो नेमाचा. "कुठली जास्त अचूक?" बावीस हंगाम झाले मी हरणाच्या शिकारीला जाते, दर वर्षी एक-दोन नवीन माणसं सोबत असतात, आणि दर वर्षी हाच प्रश्न येतो. हरणाच्या काळीज-फुप्फुसाची जागा वीतभराहून थोडी कमी रुंद असते. शंभर-दीडशे मीटरवरून ती जागा आजची कुठलीही धड रायफल गाठते. चुकतो तो आपला हात, आपला श्वास. म्हणून नेमाच्या मापाने ॲक्शन निवडू नका.

त्याऐवजी हे मोजा: एका हंगामात मी रायफल चाळीस-पन्नास वेळा भरते आणि तितक्याच वेळा रिकामी करते. पहाटे जागेवर पोचल्यावर, मचाणावर चढण्याआधी, कुंपण ओलांडताना, गाडीत बसण्याआधी. आणि बार काढते एक, फार तर दोन. ॲक्शन म्हणजे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या कप्प्यात, नेणारी, तिथे पक्कं बंद करणारी आणि रिकामी पुंगळी बाहेर टाकणारी यंत्रणा. तिच्याशी आपला खरा संबंध येतो तो या भरण्या-रिकामं करण्यात, आणि कधीतरी त्या दुसऱ्या गोळीत, जिची गरज पडूच नये असं वाटतं पण पडते.

ही दुसरी गोळी मला तिसऱ्या हंगामात कळली. रायफल उसनी होती, उजव्या हाताची बोल्ट ॲक्शन, म्हणजे बाजूच्या दांडीने बोल्ट (चेंबर बंद करणारा दांडा) मागे-पुढे करायची, आणि मी डावखुरी. बार बसला, पण जरा मागे. हरीण पाठ वाकवून ऐंशी पावलांवर उभं राहिलं. मला दुसरा बार काढायचा होता. रायफल खांद्यावरून खाली आली, डावा हात दुर्बिणीवरून पलीकडे नेला, बोल्ट ओढला, पुंगळी उडालेली दिसली, बोल्ट पुढे ढकलून बंद केला, पुन्हा नेम धरला, चाप ओढला. टक्. बोल्ट मी पुरता मागे ओढलाच नव्हता. पुंगळी पडण्याइतका तो आला होता, पण मॅगझीनमधल्या, म्हणजे साठ्यातल्या, पुढच्या काडतुसाच्या मागे गेला नव्हता. चेंबर रिकामंच राहिलं. हरीण झाडीत गेलं. अंधार पडेपर्यंत रक्ताचे थेंब शोधले आणि सापडलं ते दुसऱ्या दिवशी उजाडताना. पोटाखाली हात घातला तर अजून ऊब होती. रात्रभर ते जिवंत होतं. तेव्हापासून रायफल हातात घेतली की मी आधी विचारते: घाबरलेल्या, गारठलेल्या हातांनी ही मला पुरती चालवता येईल का?

आता एकेक ॲक्शन.

बोल्ट ॲक्शन सगळ्यांत जास्त दिसते, आणि पहिली रायफल घेणाऱ्या बहुतेकांना मीही तीच सुचवते. आजचा तिचा साचा जर्मनीतल्या पॉल माऊझरच्या १८९८ च्या सैनिकी रायफलीपासून आला. दांडी वर, मागे, पुढे, खाली. चारही हालचाली तुमच्या हाताने होतात, त्यामुळे आत काय चाललंय ते बोटांना कळतं. दांडी वर उचलतानाच आतली तिरकी कड पुंगळीला चेंबरमधून सोडवते, म्हणून घट्ट बसलेली पुंगळीसुद्धा निघते. धूळ, ओल, गारठा यांना ती सहज दाद देत नाही. बोल्ट काढून घेतला की नळीतून आरपार उजेड दिसतो; रायफल रिकामी आहे याची याहून चांगली खात्री नाही.

पण सगळ्या बोल्ट रायफली सारख्या नसतात, आणि दुकानात नेमकं हेच कोणी दाखवत नाही. माऊझरच्या बोल्टला लांब नखासारखा एक्स्ट्रॅक्टर आहे. काडतूस मॅगझीनमधून वर सरकलं की तो लगेच त्याची कड धरतो. अर्ध्यावर मन बदललं आणि बोल्ट मागे घेतला तर काडतूस त्याच्याबरोबर परत येतं. १९३६ च्या विंचेस्टर मॉडेल ७० मध्येही हीच पद्धत होती. दुसरी पद्धत १९६२ च्या रेमिंग्टन ७०० सारख्या रायफलींची: बोल्ट काडतुसाला नुसता पुढे ढकलतो आणि शेवटी बंद होताना त्याची कड पकडतो. हरणासाठी दोन्ही चालतात. फक्त ढकलणाऱ्या बोल्टमध्ये हालचाल अर्धवट सोडली तर काडतूस तिथेच सुटं पडून राहतं आणि मागून दुसरं येऊन अडकू शकतं. अशी रायफल घेतलीत तर हात पुरता मागे नेण्याची सवय पक्की करा.

दांडी किती उचलावी लागते तेही बघा. दोन लगांच्या (बोल्टला जागेवर अडकवणाऱ्या खुंट्यांच्या) बोल्टला सहसा काटकोनाएवढी, म्हणजे ९० अंश. तीन लगांच्या बोल्टला ६० ते ७०. जाड हातमोजे घातलेली बोटं दांडी आणि दुर्बीण यांच्यात चिमटतात का, हे दुकानातच कळतं. काडतुसाची लांबीही इथे महत्त्वाची. .३०८ विंचेस्टर किंवा ६.५ क्रीडमूर आखूड ॲक्शनमध्ये बसतं; .३०-०६ आणि .२७० ला लांब ॲक्शन लागते. काडतुसांत फरक जेमतेम अर्ध्या इंचाचा, पण बोल्टही तेवढाच जास्त ओढावा लागतो. तिसऱ्या हंगामातली ती उसनी रायफल लांब ॲक्शनची होती. आज माझ्याकडे डाव्या हाताची, आखूड ॲक्शनची .३०८ आहे. डावखुऱ्यांनो, उजव्या हाताची रायफल "सवय होईल" म्हणून घेऊ नका. बाकावर टेकवून मारताना ती चालून जाते, उभ्याने मारताना घात करते.

आणि सेफ्टी, म्हणजे चुकून बार उडू नये म्हणून असलेली कळ. काही जुन्या बोल्ट रायफलींत सेफ्टी लावली की बोल्टही कुलूपबंद होतो. म्हणजे रायफल रिकामी करायला आधी सेफ्टी काढावी लागते, तेही चेंबरमध्ये जिवंत काडतूस असताना. मला हे अजिबात पसंत नाही. सेफ्टी लावूनही बोल्ट उघडता येतो अशीच घ्या. तीन टप्प्यांची सेफ्टी असेल तर मधला टप्पा यासाठीच असतो.

सरळ मागे ओढायचे बोल्टही आहेत, दांडी उचलायची गरज नसलेले. ब्लेझर आर८ त्यातली सर्वांत ओळखीची. तिच्यात स्प्रिंग अंगठ्याने ताणावी लागते, त्यामुळे काडतूस आत असूनही न ताणलेली रायफल बाळगता येते. फार चांगली कल्पना आहे, पण पहिल्या रायफलीसाठी महाग.

लिव्हर ॲक्शनवर, म्हणजे चापाभोवतीची कडी खाली-वर करून चालवायच्या रायफलीवर, माझं प्रेम आहे, म्हणून तिच्याबद्दल जास्त सावधपणे सांगते. जॉन ब्राउनिंगने आखलेली विंचेस्टर १८९४ आणि तिच्यासाठी १८९५ मध्ये आलेलं .३०-३० काडतूस ही दाट झाडीतली जुनी जोडी. चपटी, हलकी, मधोमध धरली की मुठीत मावते. लिव्हर दोन्ही हातांना सारखीच, म्हणून डावखुऱ्यांना बरी. सरावलेला माणूस ती खांद्यावरून न हलवता चालवतो. मात्र जमिनीवर पालथं पडून मारायचं असेल तर लिव्हरला खाली जागाच उरत नाही.

नळीखालच्या नळकांड्यासारख्या मॅगझीनमध्ये काडतुसं एकामागे एक असतात. मागच्याचं टोक पुढच्याच्या प्रायमरवर, म्हणजे ठोका बसला की पेटणाऱ्या बुडातल्या टोपीवर, टेकतं. म्हणून त्यात टोकदार कडक गोळी कधीही घालायची नाही. धक्क्याने आतल्या आत काडतूस उडू शकतं. चपट्या टोकाची घ्या, किंवा अशाच मॅगझीनसाठी बनवलेली मऊ पॉलिमर टोकाची. टोकदार गोळी हवीच असेल तर ब्राउनिंग बीएलआरसारखी पेटी-मॅगझीनची लिव्हर बघा. दुर्बीण लावायची असेल तर पुंगळी बाजूने टाकणारी हवी, जशी १९४८ पासूनची मार्लिन ३३६. जुन्या विंचेस्टर पुंगळी वरून टाकतात, दुर्बिणीच्या वाटेत.

माझी काळजी आहे ती तिच्या रिकामं होण्याची. जुन्या पद्धतीच्या लिव्हर रायफलीतून प्रत्येक काडतूस चेंबरमार्गेच बाहेर काढावं लागतं. सहा काडतुसं म्हणजे सहा वेळा लिव्हर चालवणं, अंधारात, थकलेल्या हातांनी, आणि दर वेळी घोडा, म्हणजे काडतूस उडवणारा मागचा हातोडा, ताणलेला. वर उघडा घोडा अंगठ्याने हळूच उतरवणं ही गारठलेल्या अंगठ्याची परीक्षा असते. एका सोबतिणीच्या हातून तो निसटताना मी पाहिलाय. नळी जमिनीकडे होती म्हणून माती उडाली, एवढ्यावरच भागलं. घोडा उतरवताना नळी कुठे आहे ते आधी बघायचं, हे तिथे आम्ही दोघी शिकलो.

पंप ॲक्शन थोडक्यात: पुढची मूठ मागे-पुढे सरकवायची, शॉटगनसारखी. ज्याचा हात पंप शॉटगनवर बसलाय त्याने रेमिंग्टन ७६०० सारखी जरूर बघावी. गाल दस्त्यावरून उठत नाही, डाव्या-उजव्याचा प्रश्न येत नाही. मूठ थोडी खुळखुळते, आणि निःशब्द जंगलात ते ऐकू जातं.

सेमी-ऑटोमॅटिक बाराच्या जोरावर स्वतःच पुढचं काडतूस भरते. १९६७ पासूनची ब्राउनिंग बीएआर ही शिकारीसाठीच बनलेली. गॅसवर चालणाऱ्या यंत्रणेत धक्का थोडा पसरून लागतो, हे खांदा दुखणाऱ्यांना मोठं सुख. पण पहाटे जागेवर बसून ती भरताना बोल्ट सोडावाच लागतो, खाडकन. आवाज नको म्हणून हाताने हळूच पुढे नेला तर तो पुरता बंद न होण्याची भीती. शिवाय मळ साचला की कुरकुरते, म्हणून साफसफाईचा कंटाळा असणाऱ्यांसाठी नाही. कायदा आधी वाचा. ब्रिटनमध्ये १९८८ पासून .२२ रिमफायर (छोट्या काडतुसाच्या) सोडून अशा रायफली बंद आहेत, ऑस्ट्रेलियात १९९६ पासून कडक निर्बंध आहेत, आणि अमेरिकेत राज्यागणिक नियम बदलतात.

सिंगल शॉट, एकच काडतूस. नळी बिजागरीवर खाली वाकवून उघडायची किंवा चेंबर बंद करणारा ठोकळा खाली सरकवायचा, रूगर नंबर १ सारखा. ही रायफल मी शिकणाऱ्याच्या हातात आनंदाने देते. अशी वाकवून उघडलेली रायफल दहा पावलांवरूनही रिकामी दिसते. कुंपणापलीकडच्या माणसाला विचारावं लागत नाही. एकच गोळी आहे हे माहीत असलेला माणूस चापावर बोट उशिरा नेतो. मात्र जखमी जनावरासाठी दुसरं काडतूस कुठे ठेवलंय हे हाताला ठाऊक हवं. मी ते दस्त्यावरच्या पट्ट्यात ठेवायला लावते, खिशात नाही.

दोन-तीन रायफली मनात भरल्या की ही परीक्षा घ्या. डमी काडतुसं न्या, दुकानदाराला विचारा, रायफल रिकामी असल्याची दोघांनी खात्री करा. जंगलात घालता तोच कोट आणि तेच हातमोजे घाला. नळी सुरक्षित दिशेला ठेवून रायफल खांद्याला लावा, भिंतीवरचा एक ठिपका धरा आणि ॲक्शन पाच वेळा चालवा. दर वेळी गाल दस्त्यावरच राहिला का? ठिपका लगेच परत सापडला का? पाचही डमी बाहेर पडल्या का? मग बसून तेच करा, मग गुडघा टेकून. शेवटी डोळे मिटून रायफल भरा आणि रिकामी करा. ज्या रायफलीला इथे बोटं चाचपडतात ती कितीही देखणी असली तरी परत ठेवा.

घेतल्यावर हंगामाआधी महिनाभर रोज दहा मिनिटं हेच, डमी काडतुसांनी. मी अजून करते. आणि शिकारीच्या दिवशी संध्याकाळी, उजेड असतानाच, मॅगझीन काढते, बोल्ट उघडते, करंगळी चेंबरमध्ये घालून बघते, मग तळहातावर काडतुसं मोजते. सकाळी चार घातली होती, चार परत आली. मग गाडीचं दार उघडते.