शेडमधलं पेट्रोल ताजं आणि कोरडं कसं ठेवावं

डाळिंबाला फवारणीचा दिवस. औषध कालवून तयार, गडी आलेला, आणि पाठीवरचा पेट्रोलवर चालणारा फवारणी पंप दोरी ओढून ओढून हात दुखले तरी सुरू होईना. एका ऑक्टोबरात माझ्यावर ही वेळ आली. मेकॅनिकने कार्बोरेटर खोलला, तर जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक छिद्रात, चिकट पिवळट थर आणि खालच्या वाटीत पाणी. पंप चांगला होता. मार्चमध्ये आणलेलं पेट्रोल सात महिने पत्र्याच्या शेडमध्ये अर्ध्या कॅनमध्ये पडून होतं, ते बिघडलं होतं.

सोलापुरात पेट्रोलचे शत्रू दोन, आणि ते ऋतूप्रमाणे बदलतात. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त तापतं. पेट्रोलमधला हलका, चटकन पेटणारा भाग उडून जातो. उरलेल्याचा हवेशी संयोग होऊन राळ धरते. मृगापासून परतीच्या पावसापर्यंत हवा दमट, तेव्हा पाण्याची भीती. आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉल (उसापासूनही होणारं अल्कोहोल) मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आपल्या जिल्ह्यातल्या ऊसवाल्यांना त्याचा आधार आहे, पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. थोडं पाणी ते पोटात ठेवतं. ते प्रमाण ओलांडलं किंवा रात्री गारठा पडला, की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही, म्हणजे इंजिनात न ठोकता जळायची ताकद, घसरतो. मग कॅन कितीही हलवा, ते पुन्हा चांगलं होत नाही.

आधी भांडं. पेट्रोलियम कायदा, १९३४ प्रमाणे विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येतं, तेही घट्ट बुचाच्या भांड्यात: धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत, काचेचं असेल तर १ लिटरपर्यंत. मी ५ लिटरचे धातूचे दोन कॅन वापरतो. मोठा कॅन अर्धा रिकामा राहतो, आणि सगळी गोम त्या रिकाम्या जागेतच आहे. दिवसा आतली हवा फुगते, रात्री आकसते, आणि बूच जरा जरी ढिलं असलं तरी कॅन बाहेरची दमट हवा आत ओढतो. लहान कॅन पटकन संपतो. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल कधीच ठेवू नये. घरात लेकरं असतात.

कॅन कोरडा करून भरा. धुतलेला कॅन उन्हात पूर्ण वाळवा, रबराचं वायसर तडकलं असेल तर बदला. पेट्रोल पंपावर कॅन गाडीवर ठेवून भरू नका, जमिनीवर ठेवा आणि नोझल कॅनच्या तोंडाला टेकवून धरा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडत नाही. काठोकाठही भरू नका. २५ अंशांनी तापमान वाढलं तर २० लिटर पेट्रोल जवळपास अर्धा लिटर फुगतं. म्हणून ५ लिटरच्या कॅनमध्ये पाव लिटरची जागा सोडा.

तारीख लिहा. कॅनवर रंगाने किंवा मार्करने. उन्हाळ्यात मी महिन्याभरात संपेल एवढंच आणतो, एरवी फार तर दोन महिन्यांचं. स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर बिघडू न देणारं द्रव्य) घालायचाच असेल तर ताज्या पेट्रोलमध्ये पहिल्याच दिवशी घाला. शिळ्याला तो ताजं करत नाही.

जागा. सावलीत, हवा खेळती, फरशीऐवजी लाकडी फळीवर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते. म्हणून स्वयंपाकघर, देवघरातली समई, इन्व्हर्टर, वेल्डिंग यांच्या जवळपास कॅन नको. घरात तर नकोच. वाळूची बादली हाताशी ठेवा. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतलं तर आग पसरते.

वापरण्याआधी तपासा. कॅन रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळातलं थोडं पेट्रोल हातपंपाने स्वच्छ काचेच्या बरणीत काढा. नळी तोंडाने ओढू नका. बरणी उजेडात धरा. खाली वेगळा थर किंवा थेंब दिसले, पेट्रोल गढूळ दिसलं, तर तो सगळा कॅन इंजिनाला घालू नका. रंग गडद आणि वास जुन्या रंगाच्या डब्यासारखा आंबूस असेल तरी तेच. नुसतंच थोडं जुनं, पण स्वच्छ असेल तर चार भाग ताज्यात एक भाग मिसळून मोटरसायकलमध्ये संपवता येतं. खराब झालेलं मात्र गटारीत, बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका. भूजलात गेलं की गावालाच प्यावं लागतं. जिथे खराब इंधन घेतात अशा गॅरेजमध्ये विचारून द्या.

भरताना बारीक जाळीचं नरसाळं वापरा. आणि हंगामाची फवारणी आटोपली की फवारणी पंपाची पेट्रोलची टाकी रिकामी करा, पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. कार्बोरेटरमध्ये उरलेलं पेट्रोल असं संपवल्यापासून माझा पंप दोन-तीन ओढ्यांत सुरू होतो.