पॅकिंग क्यूब आणि कॉम्प्रेशन बॅग वापरून प्रवासाची बॅग कशी भरावी

नाताळच्या सुट्टीत मनालीला किंवा गणपतीसाठी कोकणात जायचे ठरले की मुंबईतल्या घरांत माळ्यावरच्या बॅगा खाली उतरतात आणि दोन दिवस पलंगावर कपड्यांचे ढीग पडून राहतात. हे ढीग नीट बसवण्यासाठी आता पॅकिंग क्यूब आणि कॉम्प्रेशन बॅग सर्रास मिळतात. मात्र ही दोन साधने दोन निरनिराळ्या कामांसाठी आहेत, आणि हा फरक लक्षात न घेता घेतलेली साधने बहुधा पहिल्या प्रवासानंतर कपाटात पडून राहतात.

पॅकिंग क्यूब म्हणजे झिप लावलेली, बहुधा जाळीच्या झाकणाची, कापडी चौकोनी पिशवी. तिच्यामुळे कपडे लावलेले राहतात आणि चटकन सापडतात. जागा मात्र फारशी वाचत नाही. कॉम्प्रेशन बॅग ही जाड प्लास्टिकची हवाबंद पिशवी असते. तिच्यातली हवा बाहेर काढली की कपड्यांचा फुगवटा जातो. दोन झिपांचे कॉम्प्रेशन क्यूबही असतात. त्यांची दुसरी झिप ओढली की क्यूबची उंची कमी होते, पण ते हवाबंद नसतात.

कपडे दाबल्याने त्यांचे वजन कमी होत नाही, हे आधीच मनाशी पक्के करावे. देशांतर्गत विमानप्रवासात इकॉनॉमी वर्गाच्या प्रवाशाला साधारणपणे हातातल्या बॅगेसाठी 7 किलो आणि चेक-इन सामानासाठी 15 किलो इतकी मर्यादा असते. कॉम्प्रेशन बॅगमुळे बॅगेत जागा शिल्लक दिसते, आपण तीत आणखी कपडे भरतो आणि विमानतळावरच्या काट्यावर जादा पैसे मोजतो. म्हणून टांगून वजन करण्याचा छोटा काटा घरी ठेवावा आणि बॅग भरताना मध्येच एकदा वजन पाहावे. रेल्वेत स्लीपर वर्गाला 40 किलो आणि एसी टू टियरला 50 किलो सामान विनाशुल्क नेता येते. तिथे अडचण वजनापेक्षा बर्थखालच्या जागेची असते.

सर्वप्रथम बॅगेची आतली मापे घ्यावीत. बाहेरचे माप कामाचे नाही, कारण चाके आणि ओढायच्या दांड्याचे पाइप आतली बरीच जागा घेतात. ट्रॉली बॅगेच्या तळाला त्या पाइपांचे दोन उंचवटे असतात. त्यांच्या मधल्या खोलगट भागात मोजे, रुमाल, आतले कपडे यांच्या वळकट्या बसवाव्यात, म्हणजे वर सपाट तळ तयार होतो आणि क्यूब डगमगत नाहीत. मापे हातात असली की क्यूब निवडणे सोपे जाते. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या बॅगांच्या दुकानांत ते प्रत्यक्ष हाताळून घेता येतात. तिथे झिप चार-पाच वेळा उघडमीट करून पाहावी आणि कोपऱ्यांची शिवण तपासावी. खर्च करायचा नसेल, तर नव्या चादरींसोबत येणाऱ्या झिपच्या पारदर्शक पिशव्या आणि साडी कव्हर यांवरही पहिला प्रवास उत्तम निभावतो.

त्यानंतर कोणत्या क्यूबमध्ये काय जाईल हे ठरवावे. कुटुंबासोबत प्रवास असेल, तर माझ्या मते माणसागणिक क्यूब हीच सर्वांत सोयीची पद्धत आहे: प्रत्येकाचा रंग वेगळा, म्हणजे हॉटेलवर पोहोचल्यावर आईला सगळ्यांचे कपडे शोधून द्यावे लागत नाहीत. एकट्याने जाणाऱ्याने कपड्यांच्या प्रकारानुसार क्यूब लावावेत. दोन बॅगा चेक-इन करायच्या असतील, तर प्रत्येकाचा एक-एक जोड दुसऱ्या बॅगेतही ठेवावा. एखादी बॅग मागच्या विमानाने आली, तरी कोणाचीही अडचण होत नाही.

कपडे भरताना टी-शर्ट, सुती कुर्ते, जीन्स यांच्या घट्ट वळकट्या कराव्यात आणि त्या एकमेकींवर न रचता क्यूबमध्ये उभ्या ओळीने लावाव्यात, म्हणजे झिप उघडताच प्रत्येक कपडा दिसतो. इस्त्रीचे शर्ट वळकटी न करता क्यूबच्या रुंदीएवढी घडी घालून सपाट ठेवावेत. लग्नकार्यासाठी पैठणी किंवा दुसरी जरीची साडी न्यायची असेल, तर ती मऊ सुती कापडात गुंडाळून सर्वांत वर ठेवावी. दाब पडल्यास जरीचे धागे घडीवर मोडतात आणि ती रेघ पुन्हा जात नाही, त्यामुळे अशी साडी कॉम्प्रेशन बॅगमध्ये कधीही घालू नये.

कॉम्प्रेशन बॅगचा खरा उपयोग स्वेटर, थर्मल, शाली आणि कापूस किंवा पिसे भरलेली जाकिटे यांसाठी होतो, कारण या कपड्यांत हवाच जास्त असते; जीन्स दाबून जवळजवळ काहीच मिळत नाही. प्रवासासाठी हाताने गुंडाळून हवा काढायची बॅग घ्यावी. व्हॅक्यूम क्लीनर लागणारी बॅग घरी छान बंद होते, पण परतताना हॉटेलच्या खोलीत ते यंत्र नसते आणि तेच कपडे बॅगेत मावत नाहीत. कपडे सपाट पसरून भरावेत, तोंडाशी चार बोटे जागा मोकळी सोडावी, झिप चिमटीत धरून दोनदा सरकवावी आणि मग झिपेच्या बाजूकडून व्हॉल्व्हच्या बाजूकडे हळूहळू गुंडाळत जावे. हवा एका दिशेनेच बाहेर पडते, परत आत येत नाही. पिशवी गच्च भरली, तर तिची मधोमध फुगलेली, विटेसारखी कडक गाठ होते आणि ती बॅगेत कुठेच नीट बसत नाही. म्हणून एका मोठ्या पिशवीपेक्षा अर्धवट भरलेल्या दोन पिशव्या बऱ्या.

कपडे पूर्ण कोरडे असणे ही मुंबईत सर्वांत महत्त्वाची अट आहे. एका ऑगस्टमध्ये दोरीवर दोन दिवस वाळलेले, हाताला कोरडे वाटणारे लोकरी कपडे मी हवाबंद करून नेले आणि मुक्कामी पिशवी उघडली तेव्हा सगळ्यांना कुबट वास येत होता. पावसाळ्यात कपड्यांवरून इस्त्री फिरवावी, ते थंड होऊ द्यावेत आणि मगच पिशवी बंद करावी. पिसांची जाकिटे पोहोचताच बाहेर काढून झटकावीत. महिनोन्महिने दाबून ठेवल्यास त्यांचा फुगवटा, म्हणजेच त्यांची ऊब, कमी होते.

बॅग भरताना जड क्यूब चाकांच्या बाजूला ठेवावेत, दाबलेल्या पिशव्या तळाशी सपाट घालाव्यात आणि पहिल्या रात्री लागणाऱ्या वस्तूंचा छोटा क्यूब सर्वांत वर ठेवावा. रात्री सुटणाऱ्या कोकणकन्या एक्स्प्रेसमध्ये सगळे झोपलेले असताना बर्थखालून बॅग ओढून ती पूर्ण उपसणे कोणालाच नको असते. शाल, ब्रश आणि औषधे असलेला तो एक क्यूब आधीच हाताशी काढून घ्यावा. विमानात पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, त्यामुळे चार्जर आणि पॉवर बँकेची पिशवी हातातल्या बॅगेतच हवी.

परतीसाठी एक रिकामा क्यूब मळक्या कपड्यांकरिता आणि एक प्लास्टिकची पिशवी ओल्या कपड्यांकरिता सुरुवातीपासून राखून ठेवावी. घरी आल्यावर क्यूब साबणाच्या पाण्यात हाताने धुऊन सावलीत वाळवावेत आणि कॉम्प्रेशन बॅग आतून पुसून, तोंड उघडे ठेवून, एक दिवस पंख्याखाली ठेवावी. नंतर सगळे क्यूब त्याच बॅगेत ठेवून बॅग माळ्यावर चढवावी.